उसळीपुरते मोड

खैरनारकाकांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचं असेल तर आधी तिथून गव्हाला उठवावं लागतं, आणि गव्हाला उठवायला काका तयार नसतात.

स्टीलची चाळणी, तिच्यात ओल्या पंच्यात गुंडाळलेला गहू, आणि चाळणीवरून आडवा ओढून लावलेला सीटबेल्ट. सीटचं हीटिंग दोनवर. तीनवर ठेवलं की गव्हाला वास येतो. बाहेर मिशिगनमधल्या नोव्हाय गावचा जानेवारी, रस्त्याच्या दोन्ही कडांना ढकलून ठेवलेले बर्फाचे ढीग, आणि मी मागे, कोटाच्या बाह्यांत हात ओढून घेऊन बसलेली. मागची सीट तापत नाही. गव्हाला बेल्ट कशासाठी, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. "टेक्निकली गरज नाही," काका म्हणाले, "पण नाही लावला तर गाडी बोंबलते."

सीटच्या बाबतीत काकांशी कोणी वाद घालू शकत नाही. धुळ्याहून आलेल्या या माणसाने नोकरीची तीस वर्षं मोटारीच्या सीट गरम करण्यात घालवली. सीटच्या आत शिवायची तार किती तापावी, किती वेळात तापावी, माणूस उठल्यावर किती वेळात थंड व्हावी, हा त्यांचा विषय. "अर्ध्या मिशिगनचं बूड मी शेकलंय," असं ते नव्या माणसाला ओळख करून देतानाच सांगतात. निवृत्त झाल्यावर माणसांची जागा गव्हाने घेतली, एवढंच.

मी त्यांची भाडेकरू. त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये राहते. आमच्या नागपूरच्या घरात घरमालक हा शब्द आरोपासारखा उच्चारला जायचा. वडिलांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली, छापली, वाटली. दिवाणाखाली गाद्यांच्या जागी पत्रकांचे गठ्ठे असायचे, आणि मी अक्षरं गिरवली ती त्यांच्याच कोऱ्या पाठीवर. त्यामुळे इथे नोकरीला आले आणि खोली घ्यायची वेळ आली, तेव्हा मी भाडेकरूच्या हक्कांचं एक पानभर निवेदन लिहून काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते दारातच उभं राहून शेवटपर्यंत वाचलं. खिशातून पेन काढून 'नैसर्गीक'मधली वेलांटी पहिली केली. खाली सही केली. "नोंद घे," म्हणाले, "हीटर रात्री अठरावर असतो. हक्क काहीही असोत." त्या दिवसापासून मी पत्रकबाई.

टेक्निकली आणि नोंद घे, हे काकांचे दोन टेकू. त्यांच्याशिवाय त्यांचं वाक्य उभं राहत नाही. मी ऑफिसातून उशिरा आले तरी त्याची नोंद मला घ्यावी लागते, फोडणीत मोहरी जळली तरी घ्यावी लागते. ते स्वतः मात्र सगळं वहीत लिहितात, आणि गेले तीन हिवाळे त्या वहीत एकच विषय आहे: गहू, तांदूळ, उष्णता, आणि शेवटच्या रकान्यात निकाल. निकाल आजवर एकाच शब्दाचा. खळ.

ते काय करायला निघाले होते, ते सांगते. गव्हाला मोड आणायचे, ते वाटून चिकट भातात कालवायचे आणि उबेत ठेवायचे. काही तासांत भात आपोआप गोड होतो. तो पिळून निघालेलं पाणी आटवलं की मधाच्या रंगाचा एक पाक होतो. चमचा उलटा केला तरी खाली पडत नाही; काडीवर गुंडाळून घ्यावा लागतो. चिनी स्वयंपाकात तो फार जुना. आपण इंग्रजी शब्द वापरून माल्टची साखर म्हणू. काकांना मात्र साखर हा शब्द चालत नाही. "साखर गोड असते. हा गोड कमी, चमकतो जास्त," असं ते सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज जरा खाली येतो, कारण हे वाक्य त्यांचं नाही. ते युनकाकूंचं आहे.

युनकाकू म्हणजे त्यांची बायको. उत्तर चीनमधल्या एका लहान गावातून शिकायला आल्या, काकांच्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागल्या, आणि दोघांनी लग्न केलं. धुळ्याच्या सासूने पहिली चार वर्षं तोंड पाहणार नाही म्हणून सांगितलं होतं. युनकाकू मराठी लिहायला शिकल्या आणि दर महिन्याला सासूला पत्र पाठवू लागल्या. पाचव्या वर्षी सासूचं उत्तर आलं. त्यात फक्त शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या होत्या, पण उत्तर आलं. बोलताना त्या सगळ्यांना अरेतुरे करायच्या. अहोजाहो त्यांना कधी जमलं नाही. मी त्यांना पाहिलेलं नाही. मी इथे आले तेव्हा त्या जाऊन वर्ष होत आलं होतं.

पण त्यांच्या पाकाची कीर्ती अजून टिकून आहे. बदक भाजायच्या आधी त्याच्या कातडीवर हा पाक व्हिनेगरमध्ये कालवून फासतात, मग बदक वाऱ्यावर टांगून सुकवतात; भाजल्यावर कातडी काचेसारखी कुरकुरीत होते. युनकाकू ते बदक गॅरेजमध्ये टेबलफॅनपुढे टांगायच्या. शेजारच्या बाईने एकदा उघड्या गॅरेजातून ते पाहिलं आणि पोलिसांना फोन केला. पोलीस आले, त्यांनी बदक पाहिलं, आणि किती वाजता तयार होईल असं विचारून गेले.

दुसरी गोष्ट मला तिथे हजर असलेल्या एका मावशींनी सांगितली. इथल्या एका मराठी मंडळात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. युनकाकूंनी तिळाच्या वड्या करून नेल्या, गुळाऐवजी आपल्या पाकातल्या. कोणीतरी ती थाळी तिळगुळाच्या टेबलावरून उचलून मुलांच्या नूडल्सशेजारी नेऊन ठेवली आणि पुढे चिठ्ठी लावली: चायनीज. युनकाकू हसल्या म्हणे. काकांनी चिठ्ठी काढून खिशात घातली, थाळी हातात घेतली आणि एकेका माणसापुढे जाऊन उभे राहिले. तिळगूळ घ्या, म्हणायचे, आणि समोरचा वडी तोंडात टाकून चावेपर्यंत हलायचे नाहीत. ती वडी अशी होती की चावली की जबडे एकमेकांना सोडत नाहीत. अध्यक्षांपासून पोरांपर्यंत सगळं मंडळ पाचेक मिनिटं मुकं झालं. आभाराचं भाषण हातवाऱ्यांवर उरकावं लागलं. परदेशात मराठी माणसाने काढलेला इतका यशस्वी मोर्चा मी दुसरा ऐकलेला नाही.

युनकाकू गेल्या तेव्हा त्या मंडळातून चार माणसं आली. काकांनी त्यांना चहा दिला. मी असते तर दिला नसता.

जाण्याआधी महिनाभर त्या अंथरुणावर होत्या. तेव्हा त्यांनी कृती लिहून ठेवली. चिनी काकांना वाचता येत नाही, म्हणून मराठीत. तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. अक्षरं मोठी, शाळेतल्या मुलासारखी, ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या.

'गव्हाला मोड आले की बारिक काप. चिकट तांदुळ शिजव. हात घालता येइल इतका गार कर. दोन्हि कालव. सहा तास उबेत. पिळ. आटव. थांबु नको. दोघांनी ओढ.'

माझं शुद्धलेखन दारात सुधारणाऱ्या माणसाने या कागदावर पेन टेकवलेलं नाही.

काकांनी कृती शब्दशः पाळली. उष्णतामापक भातात खुपसून बसायचे. सहा तास म्हणजे सहा तास. पण भात गोड व्हायचाच नाही. थोडासा पाघळायचा, आणि पिळून आटवायला घेतला की पांढरट, गुळगुळीत, बेचव लगदा. मला तो ओळखीचा होता. आमच्या घरी मैद्याची खळ अशीच शिजायची, भिंतीवर पोस्टरं लावायला. मी तसं म्हटलं तर काकांनी तेही वहीत लिहिलं: पत्रकबाईंच्या मते पोस्टरला उत्तम.

हे सगळं छंद म्हणून चाललं असतं. यंदा मात्र त्याला मुदत पडली होती. घर विकलं गेलं होतं. मुलगी मीना कॅलिफोर्नियात असते. ती दोन वर्षं मागे लागली होती, शेवटी काका हो म्हणाले. मार्चमध्ये जायचं. नवीन लोक स्वयंपाकघर फोडून मोठं करणार आहेत, असं त्यांनी पहिल्याच भेटीत आनंदाने सांगितलं. म्हणजे ही शेगडी जाणार. मीनाच्या घरी शेगडी नाहीच, सपाट काच आहे. युनकाकूंचा पाक त्यांच्या शेगडीवर व्हायचा तर तो याच जानेवारीत, आणि तोही एका ठराविक दिवसाच्या आत. मीना फोनवर इंग्रजीत म्हणाली होती, "बाबा, जस्ट बाय अ टब. दुकानात मिळतो तो. हू विल नो?"

"त्याला कळेल," काका म्हणाले, आणि मान शेगडीकडे वळवली.

शेगडीच्या वर भिंतीवर एक कागद होता. लालभडक छपाई, तेलाने आणि वाफेने तपकिरी पडलेली, मधोमध दाढीवाला एक अधिकारी. मी वर्षभर त्याला जुनं कॅलेंडर समजत होते. फोन संपल्यावर मी विचारलं, हे काढून टाकू का.

"हात लावू नको. टेक्निकली तो भाडेकरू आहे. तुझ्या आधीचा."

तो चुलीचा देव. वर्षभर स्वयंपाकघरात बसून घर पाहतो, आणि त्यांच्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, तेविसाव्या दिवशी, वर जाऊन अहवाल देतो: कोण भांडलं, कोणी अन्न टाकलं, कोण कोणाशी कसं वागलं. कागद जाळला की तो निघाला. नव्या वर्षाला नवा कागद लावायचा, की तो परतला.

माझ्यातली वडिलांची पत्रकं एकदम जागी झाली. मी म्हटलं, बाई जिथे राबते बरोबर तिथेच खबऱ्या नेऊन बसवायचा, ही कल्पना कुठल्या देशातल्या कुठल्या पुरुषाला सुचली असेल ते मला सांगायला नको. चार वाक्यं आणखी बोलले. काका कणीक मळत ऐकत होते.

"युन पण हेच म्हणायची," ते म्हणाले. "तिची आजीसुद्धा. चहाडखोर आहे, म्हणायच्या. म्हणून तर त्याचं तोंड बंद करतात."

"कशानं?"

"या पाकानं. निघायच्या आधी ओठांना फासायचा. वर गेला की जबडा उघडत नाही. विचारा काय विचारायचं ते." ते थोडं हसले. "युनचा पाक लावल्यावर टेक्निकली तो चैत्रापर्यंत बोलत नसणार."

कुठल्याही देवाचा कुठलाही विधी मला मनापासून पटला असेल तर तो हा. आजीने, मग नातीने, वर्षानुवर्षं सरकारी खबऱ्याची वाचा बसवायची, तीही घरच्या गव्हाने. मग मला तो कागद किती जुना दिसतोय ते लक्षात आलं. मी विचारलं, हा शेवटचा कधी गेला होता?

"ती होती तेव्हा. त्यानंतर दोन वर्षं गेलेला नाही. रजा साठलीय त्याची."

"का?"

"तोंडाला काय लावू? खळ? भिंतीलाच चिकटेल."

त्यानंतर मीही कामाला लागले. मी देव मानत नाही आणि काकाही मानत नाहीत. त्यावर आमचं एकमत झालं आणि आम्ही दिवस मोजायला घेतले.

तेविसाव्याला सात दिवस उरले होते तेव्हा आम्ही चिकट तांदूळ आणायला मॅडिसन हाइट्सच्या चिनी दुकानात गेलो. गहू अर्थातच पुढच्या सीटवर. बाहेर इतकी थंडी होती की काकांनी त्याला गाडीत एकटा ठेवायला नकार दिला. चाळणी कोटाखाली धरून आत आणली. काउंटरशेजारी मालकिणीची म्हातारी आई कांद्याच्या पातीच्या जुड्या बांधत बसली होती. तिने विचारलं काय आहे, काकांनी पंचा उघडला.

म्हातारी आधी नीट वाकून पाहू लागली. मग हसायला लागली. डोळे पुसत तिने आतल्या लेकीला हाक मारली, लेकीने येऊन पाहिलं, तीही हसली. काका ताठ उभे होते.

"स्प्राउट," ते म्हणाले. "धिस इज स्प्राउट."

"बेबी," म्हातारी म्हणाली. "टू यंग." तिने पातीची एक काडी उचलली, आपल्या मधल्या बोटाला लावून मापली, तेवढीच तोडली आणि गव्हावर ठेवली.

काकांनी ती काडी बोटांत धरून खूप वेळ पाहिली. मग म्हातारीला वाकून नमस्कार केला, आपला, दोन्ही हात जोडून. गाडीत येऊन गव्हाला बेल्ट लावला आणि किल्ली न फिरवता बसून राहिले.

"नोंद घे," शेवटी म्हणाले. "चूक मराठीची आहे."

मला लगेच कळलं नाही. तुम्हाला कळलं असेल. मोड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मटकी येते. पंच्यातून डोकावणारी पांढरी शेपटी, नखाएवढी. त्यापुढे लांबली की उसळ बिघडली. मराठी माणसाला मोड कुठे थांबवायचा ते शिकवावं लागत नाही. काकांनी तिन्ही हिवाळे तो बरोबर तिथेच थांबवला होता, उसळीपुरता. आणि तेवढ्याशा मोडात भात गोड करण्याइतकी ताकदच आलेली नसते.

"तिनं शब्द माझा घेतला," काका म्हणाले. "मला त्यात वाटी दिसली, मटकीची. तिला शेत दिसत असणार."

पुढचे सात दिवस गहू मीनाच्या जुन्या खोलीत वाढला. काकांनी घराचा हीटर अठरावरून बावीसवर नेला, माझ्या निवेदनाने जे साधलं नव्हतं ते. मुळांची जाळी झाली. कोपरा धरून उचललं तर सगळा थर गोधडीसारखा एकत्र उचलला जायचा. वर हिरवी पाती. काका दिवसातून चारदा मधलं बोट लावून पाहायचे. एकदा म्हणाले, "आई नवरात्रात घट बसवायची. धान्य एवढंच वाढायचं. मला सुचलं कसं नाही?"

"घटातल्याला आपण मोड कुठे म्हणतो?" मी म्हटलं.

"नाही म्हणत," ते म्हणाले. "तेच तर."

तेविसावा दिवस शनिवारी आला. पहाटेच भात शिजवून, हात घालता येईल इतका गार करून, कापलेला गहू कालवून ठेवला. दुपारी झाकण काढलं तेव्हा भात नव्हता. रिकाम्या साली आणि पाणी. काकांनी बोट बुडवून चाटलं आणि तीस वर्षांच्या संसारात कधी केलं नसेल असं काहीतरी केलं: बोट पँटला पुसलं. पंच्यातून पिळून काढलेलं पाणी मोठ्या कढईत चढवलं आणि आम्ही आळीपाळीने ढवळत राहिलो. फेस आला, फेस बसला, पिवळं पाणी सोनेरी झालं, मग तांबूस. कढईतले बुडबुडे मोठे आणि आळशी झाले. मी दोनदा गॅस बंद करायला हात पुढे केला. काकांनी दोन्ही वेळा कपाटाच्या दाराकडे बोट दाखवलं. थांबु नको.

मग ओढायची वेळ आली. कोमट गोळा हाताला तेल लावून धरायचा, एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा. दोघांनी मागे सरकायचं, मग पुढे येऊन घडी घालायची, पुन्हा मागे. काका मागे मागे जात फ्रिजला टेकले, मी दाराला. प्रत्येक ओढीला तो तांबूस दोर फिका होत गेला आणि शेवटी रेशमासारखा पांढरा झाला.

"ओढताना भांडायचं नाही, हा तिचा नियम होता," काका दोराच्या पलीकडच्या टोकावरून म्हणाले. "भांडण झालं की एक जण हात सोडतो."

दोर गार होऊन कडक झाल्यावर त्यांनी त्याचे तुकडे केले, एक तुकडा ओट्यावर आपटला. टक्क वाजलं. तोंडात टाकला. मी विचारलं, काका, कसा झालाय? त्यांनी हात वर करून थांब म्हटलं. जबडा चिकटला होता.

"हाच," नंतर म्हणाले.

त्यांनी छतावरच्या स्मोक अलार्मची बॅटरी काढली, स्टूल आणलं, एक तुकडा गॅसवर मऊ करून चमच्याच्या टोकाला घेतला आणि वर चढले. मी स्टूल धरलं. चमचा देवाच्या ओठांपासून वीतभर अंतरावर थांबला. मला वाटलं त्यांना चक्कर आली.

काका खाली उतरले. केटलीतलं गरम पाणी कपात ओतलं, चमचा त्यात बुडवला आणि ढवळायला लागले.

"काका, विरघळतोय तो," मी म्हटलं. "पातळ झाला तर तोंड चिकटणार नाही."

"दोन वर्षांनी चाललाय," ते कपातच पाहत म्हणाले. "ती आहे तिकडे. तिकडे मुका कसा पाठवू?"

देव नाही, तिकडे कोणी नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि त्यांनाही होतं. तीन हिवाळे ज्याच्यासाठी काढले तो पाक त्यांनी स्वतःच्या हाताने पाण्यासारखा केला, बोटाने देवाच्या ओठांवर लावला, आणि कागद भिंतीवरून नखाने हळूहळू सोडवला.

मागच्या डेकवर बर्फात जुनी लोखंडी कढई ठेवून त्यांनी तो कागद तिच्यात उभा केला. काडेपेटी काढली. मग कागदाजवळ वाकून मराठीत बोलायला लागले तेव्हा मला राहवलं नाही. मी विचारलं, याला मराठी कळतं?

"तीस वर्षं आमची भांडणं ऐकलीत यानं त्या शेगडीवरून," काका म्हणाले. "टेक्निकली तुझ्यापेक्षा चांगलं येतं."

पुन्हा वाकले. आवाज अगदी साधा, शेजाऱ्याकडे निरोप द्यावा तसा.

"तिला सांग, जमलं. या वेळी वाजला." जरा थांबले. "मोडाचंही सांग. हसेल ती." काडी ओढली, ती वाऱ्याने विझली. दुसरी काढून हातात धरून राहिले.

"घर विकल्याचं मात्र बोलू नकोस," ते म्हणाले.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं की आता ते तोंड मोकळं आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओंजळ करून वारा अडवला. काकांनी काडी ओढली आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्याला लावली.